मिनिट सहा, सेकंद वीस

वारज्याच्या एका वस्तीत, समाजमंदिराच्या खोलीत आमची बालवाडी भरते. तीन ते सहा वर्षांची पंचवीस-तीस मुलं, एक मी, आणि खिचडी शिजवून मुलांचे हात-तोंड धुणाऱ्या मावशी. मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. लग्न होऊन पुण्यात आले. नवरा भोसरीला कंपनीत, त्याची पाळी कधी दिवसाची कधी रात्रीची, आणि घरात एकटीला करमेना म्हणून मी एका संस्थेच्या या बालवाडीत लागले. बारावी आणि बालवाडी शिक्षिकेचा एक वर्षाचा कोर्स, एवढंच माझं शिक्षण.

काही वर्षांपूर्वी संस्थेने सांगितलं की आता ताईंचं प्रशिक्षण मोबाईलवर होणार. त्याआधी प्रशिक्षण म्हणजे वर्षातून दोनदा शहरातल्या एखाद्या हॉलमध्ये दोन दिवस बसायचं. समोर कोणीतरी मॅडम बोलायच्या, आम्ही वहीत उतरवून घ्यायचो, अकराला चहा, एकला जेवण, आणि संध्याकाळी चिवड्याचं पाकीट पर्समध्ये टाकून घरी. खरं सांगायचं तर मला ते दिवस आवडायचे. कोणीतरी आपल्याला वाढतंय, यातच मी खूश असायची.

मोबाईलवरचं प्रकरण निराळं होतं. दर आठवड्याला एक धडा यायचा. छोटी फिल्म आणि तिच्याखाली पाच-सहा प्रश्न. ते जमण्यासारखं होतं. दुपारी मुलं गेली की मी मावशींच्या शेजारी बसून धडा करायची. मावशी तांदूळ निवडता निवडता उत्तरं सांगायच्या आणि माझ्यापेक्षा त्यांचीच जास्त बरोबर यायची. पण त्यात आणखी एक गोष्ट होती. महिन्यातून एकदा आपल्या वर्गाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून पाठवायचा. तो एक मार्गदर्शक बघणार, आणि कितव्या मिनिटाला काय झालं, काय बरं आणि काय चुकलं, ते लिहून कळवणार. मार्गदर्शक कोण, कुठे राहतात, काही कळायला मार्ग नव्हता. नावाच्या जागी नुसतं ‘मार्गदर्शक’, आणि फोटोच्या गोल चौकटीत जास्वंदीचं फूल.

मला भीती होती ती माझ्या बोलण्याची. पुण्यात येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, तरी दुकानात काही मागायचं तर मी आधी मनात वाक्य जुळवून घ्यायची. वर्गात मात्र तोंड सुटायचं. ‘काय करून राहिला रे?’ ‘काऊन रडतेस?’ ‘इकडे ये ना बाप्पा.’ मुलं तेच उचलायची. एकदा एका मुलाचे वडील दारात आले आणि अगदी शांतपणे म्हणाले की आमचा मुलगा घरी ‘जेवून राहिलो’ म्हणतो, त्याला ‘जेवतोय’ म्हणायला शिकवाल का. रागावले नव्हते बिचारे. पण मी ते विसरले नाही.

पहिल्या व्हिडिओची मी पंधरा दिवस तयारी केली. इस्त्रीची साडी नेसले. मावशींनी तांदळाच्या डब्यात फोन उभा रोवून दिला, म्हणजे हलायला नको. मी पुस्तकातली गोष्ट निवडली होती, आणि आरशासमोर पाठ केलेल्या भाषेत सुरुवात केली, ‘बालमित्रांनो, आज आपण एक सुंदर गोष्ट श्रवण करणार आहोत.’ रोज गलका करणारी मुलं एकदम गप्प झाली. दोघातिघांनी मागे वळून बघितलं, कोणी पाहुणे आलेत का म्हणून. मला वाटलं, वा, काय शिस्त आहे.

व्हिडिओ पाठवणं हेही एक कामच. फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून भावाच्या लग्नातली वरात पुसून टाकली. खोलीत रेंज नव्हती, म्हणून पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. ती गोल चकरी फिरत राहायची आणि मी तिच्याकडे बघत राहायची.

चार दिवसांनी उत्तर आलं. तीनच ओळी होत्या. ‘मिनिट १, सेकंद १० – मुले मागे वळून पाहत आहेत. ह्या कोण, असा प्रश्न त्यांनाही पडला असावा. मिनिट ४ – आपण मुलांशी बोलत नाही, माझ्याशी बोलता आहात. मी शिकलेली आहे, मला गोष्टीची गरज नाही.’

मी पायऱ्यांवर बसूनच रडले. मग चिडले. घरी जाऊन नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, ही बाई पुण्याचीच असणार. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण तिसऱ्या दिवशी एकटी असताना व्हिडिओ पुन्हा लावला, आणि मला स्वतःलाच ऐकवेना. ती इस्त्रीच्या साडीतली बाई मुलांकडे बघतच नव्हती. सगळा वेळ तिचं लक्ष तांदळाच्या डब्याकडे.

दुसऱ्या महिन्यात मी ठरवलं, जे व्हायचं ते होऊ दे. रोजची साडी, रोजची गोष्ट, रोजचा आवाज. माकड आणि टोपीवाला. मधेच एक मुलगा उठून खिडकीकडे चालला तसं माझ्या तोंडून गेलं, ‘अरे, तू कुठे चालून राहिला? माकडं इकडे हायेत ना.’ सगळी मुलं खिदळली आणि तो परत येऊन बसला. या वेळी उत्तर दोन दिवसांत आलं. ‘मिनिट २, सेकंद ३० – “कुठे चालून राहिला” हे वाक्य मला आवडले. मुलांनाही आवडले. ते बदलू नका. पुढच्या वेळी फोन आपल्या पाठीमागे ठेवावा. आपण दिसला नाहीत तरी चालेल, मुले दिसली पाहिजेत.’

ही ओळ मी किती वेळा वाचली असेन, मलाच ठाऊक. त्या दिवसापासून वाण्याकडे जाताना मनात वाक्य जुळवणं मी सोडून दिलं. वाण्याला काही फरक पडला नाही. माझं ओझं मात्र उतरलं.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी सांगितल्याप्रमाणे फोन माझ्या मागच्या फळीवर ठेवला. आता चित्रात माझी पाठ आणि तीसच्या तीस चेहरे. आम्ही पावसाचं गाणं म्हणत होतो. हात वर, हात खाली, टपटप टाळी, गरागरा गिरकी. मुलं नुसती उधळली होती. मला तो व्हिडिओ फार आवडला. वाटलं, आता या बाई काय खोड काढतात बघूच.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. आजवरचं सगळ्यात मोठं.

‘मिनिट ६, सेकंद २० – आपण चित्र लावायला भिंतीकडे वळलात. सर्व मुले गात राहिली. उजव्या कोपऱ्यातली निळ्या रिबिनींची मुलगी थांबली. मिनिट ६, सेकंद ४० – आपण वळलात. तिने पुन्हा सुरुवात केली. मिनिट ८, सेकंद ५ – शेजारच्या मुलीकडे पाहून मग टाळी वाजवली. प्रत्येक वेळी तसेच. तिला एकदा पाठीमागून हाक मारून पाहावी. मी डॉक्टर नाही. माझी चूकही असू शकेल.’

ती मुलगी माझी लाडकी होती. साडेचार वर्षांची, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आणि कधी बघाल तेव्हा माझ्या तोंडाकडे लागलेले डोळे. कधी मारामारी नाही, कधी रडणं नाही. तशी ती फार कमी बोलायची आणि बोलली तरी शब्द जरा बोबडे, पण आमच्याकडे तीन भाषांच्या घरांतली मुलं येतात, बोबडं कोण नाही? तिच्या आईला मी कितीदा सांगितलं होतं, अशी मुलगी सगळ्यांना मिळो. त्यामुळे ते उत्तर वाचून मला पहिल्यांदा राग आला. घरात बसून दहा मिनिटं फोनवर बघायचं आणि माझ्या मुलीत खोट काढायची. मी रोज चार तास तिच्यासमोर असते, मला नाही कळणार?

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना खोटं पाडायलाच मुलीला हाक मारली. ती ठोकळ्यांचा बुरूज रचत होती, पाठ माझ्याकडे. मी चार पावलांवरून तिच्या नावाने हाक मारली. नेहमीच्या आवाजात. ती हलली नाही. मी जरा मोठ्याने हाक मारली. तिच्या बाजूची तीन मुलं वळली. ती ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहिली. मग मी अशी ओरडले की मावशी पातेलं सोडून बाहेर आल्या. तेव्हा ती थोडी थबकली, आणि माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघू लागली, काहीतरी आवाज झाला खरा, पण कुठून, असं.

तिच्या शेजारी बसणारी मुलगी माझ्याकडे बघत होती. मी मूर्खासारखं काहीतरी करते आहे असा तिचा चेहरा.

‘ताई, तिला हात लावायला लागतो,’ ती म्हणाली, आणि तिने मैत्रिणीच्या खांद्यावर टपली मारून माझ्याकडे बोट दाखवलं.

निळ्या रिबिनी वळल्या आणि मला बघून छान हसल्या.

मी मावशींना मुलांकडे बघायला सांगून मागच्या मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. वर्षभर ही मुलगी माझ्यासमोर होती. माझे ओठ, माझे हात, शेजारणीच्या टाळ्या बघून बघून तिने सगळं निभावलं होतं. चार वर्षांच्या शेजारणीला ते माहीत होतं. मला नव्हतं.

तिच्या आईला सांगणं त्याहून अवघड गेलं. ती बाई वाशिमकडची. जवळच्या सोसायटीत दोन घरी स्वयंपाक करून साडेबाराला मुलीला न्यायला यायची, हाताला कणकेचा वास तसाच. मी तिला बाजूला घेऊन जितकं हळू सांगता येईल तितकं सांगितलं, की हिला कमी ऐकू येतं की काय, एकदा दाखवून घेऊ.

‘ऐकते ना ताई,’ ती म्हणाली. ‘सगळं ऐकते माझी पोर. कधी उलटून बोलत नाही.’

मी म्हटलं, तसं ऐकणं नाही हो. पण तिचा चेहरा बदलला होता. तिने मुलीचा हात धरला आणि निघून गेली. पुढचे चार दिवस मुलगी आली नाही. मावशींनी आडून आडून बातमी काढली. आईचं म्हणणं होतं की ताईने माझ्या पोरीला बहिरी ठरवलं, आता वस्तीत सगळे तसंच म्हणतील, उद्या तिचं लग्न कसं होईल. साडेचार वर्षांच्या मुलीचं लग्न. पण मी हसू शकले नाही. आमच्या गावाकडे माझ्या आईनेही असाच विचार केला असता.

पाचव्या दिवशी बालवाडी सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. एका खोलीचं घर, दारात तुळशीऐवजी कढीपत्त्याचं रोप. तिने पाणी दिलं पण बसा म्हणाली नाही. मी वाद घातला नाही. फोन काढला, ते पावसाचं गाणं लावलं आणि तिच्या हातात दिला. मुलीला व्हिडिओत बघून ती आधी हसली. मिनिट सहा आलं तेव्हा मी नुसतं बोट ठेवलं. तिने बघितलं. तिने मागे नेऊन पुन्हा बघितलं. पुढच्या टाळ्याही बघितल्या, अगदी गाणं संपेपर्यंत. मुलगी तेव्हा आमच्या पाठीमागे जमिनीवर बसून भेंडीचे देठ गोळा करत होती. आईने मान न वळवता तिला हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. मग फोन मला परत दिला.

‘कधी जायचं?’ तिने विचारलं.

आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. दोनदा नुसतं नंबरात बसून परत आलो, तिसऱ्यांदा तपासणी झाली. एका बंद काचेच्या खोलीत तिला मोठे हेडफोन लावून बसवलं आणि आवाज आला की डब्यात मणी टाकायचा असं खुणेने शिकवलं. आई आणि मी काचेबाहेर उभ्या. मणी हातात धरून ती आमच्याकडे बघत होती. बराच वेळ मणी हातातच होता. मग एकदम टाकला, मग पुन्हा थांबली. आईने माझं मनगट धरलं होतं, ते मला नंतर दुखायला लागल्यावर कळलं.

डॉक्टर तरुण होत्या आणि त्यांनी घाई केली नाही. सारख्या सर्दीने दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचून घट्ट झालं आहे, म्हणाल्या. पाण्याखाली बुडी मारल्यावर आपल्याला कसं ऐकू येतं, तसं हिला बाहेरचं जग ऐकू येत असणार. आधी औषध, त्याने उतरलं नाही तर पडद्याला बारीक छेद देऊन नळी बसवायची. लहान ऑपरेशन. ऐकू कमी येणारी मुलं बघायला फार लवकर शिकतात, म्हणून ती शहाणी वाटतात आणि घरच्यांना उशिरा कळतं, हेही त्यांनी आईला समजावलं. आईला त्या वाक्याने बरं वाटलं असावं. मला ते लागलं, कारण नुसते घरचे कुठे, शाळाही होती. मग डॉक्टरांनी विचारलं, हे लक्षात कोणाच्या आलं? मी म्हटलं, आमच्या एक बाई आहेत, त्यांनी फोनवर पाहिलं. कोण बाई, असं त्यांनी विचारलं तर मला नाव सांगता येईना.

औषधाने पूर्ण उतरलं नाही. दीड महिन्यानंतर ऑपरेशन झालं. घरी येताना रिक्षात ती कानांवर हात ठेवून बसली. सिग्नलला हॉर्न वाजले की दचकायची आणि आईच्या कुशीत तोंड खुपसायची. वारज्याच्या पुलाखाली आल्यावर तिने हात काढले आणि आईला विचारलं, ‘हे काय वाजतंय?’ आईने सगळीकडे बघितलं. रिक्षाच्या टपाला बांधलेला प्लास्टिकचा कागद वाऱ्याने फडफडत होता.

त्या संध्याकाळी मी अॅपमधल्या उत्तराच्या चौकटीत सगळं लिहिलं. चौकट छोटी होती, माझं लिहिणं तीनदा तुटलं, तरी लिहिलं. राग आला होता तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. ‘कळले. आनंद झाला. या महिन्याचा व्हिडिओ राहिला आहे.’

या वेळी मला हसू आलं. नवऱ्याला दाखवलं, तोही हसला, आणि आम्ही दोघं बराच वेळ हसत राहिलो.

बाईंना मी प्रत्यक्ष भेटले ती त्या वर्षाच्या शेवटी. महिन्यातून एकदा सगळ्या ताई आणि मार्गदर्शक यांची फोनवर मीटिंग असायची. छोट्या छोट्या चौकटींत सगळ्यांचे चेहरे, फक्त जास्वंदीच्या चौकटीत कपाळाचा वरचा भाग आणि छताचा पंखा. कोणी त्यांना सांगायला धजत नसे. एका मीटिंगच्या शेवटी त्या कपाळातून आवाज आला, वारज्याच्या ताई थांबा. बाकीच्या गेल्यावर त्यांनी विचारलं, आपण मंडईत कधी येता का? मी आमच्या इथल्या भाजीवाल्याकडून घेते, पण म्हटलं, येते की. त्यांनी पत्ता सांगितला आणि वर सूचना दिली, दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, दार नुसतं लोटावं.

मी स्वारगेटला उतरून चालत गेले. मंडईतून पावशेर मटार घेतले, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. दुसऱ्या मजल्यावरचं घर. दार लोटलं तर समोर खुर्चीत एक बारीकशा, पांढऱ्या केसांच्या बाई, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, मांडीवर मोठा टॅब. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे खूण केली. आतून घोरण्याचा आवाज येत होता.

‘यांची दुपारची झोप मोडली की मग संध्याकाळ माझी मोडते,’ त्या कुजबुजल्या. ‘बसा. मटार कशाला आणलेत? आता सोलावे लागतील.’

म्हणून आम्ही मटार सोलत बसलो. चाळीस वर्षं त्यांनी बालवाडीतच काढली होती. गुडघे गेल्यावर घरी बसल्या, आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीने त्यांना हे काम दिलं. रोज दुपारी तीन व्हिडिओ. मी त्यांना तेच विचारायला आले होते, की एवढ्या मुलांतून तुम्हाला ती एक दिसली कशी? मला वाटलं होतं, चाळीस वर्षांच्या अनुभवाचं काहीतरी सांगतील.

‘आवाज बंद होता,’ त्या म्हणाल्या. ‘दुपारी मोठ्याने लावता येत नाही आणि कानात खुपसायची ती बोंडं मला सोसत नाहीत. म्हणून पहिल्यांदा मी सगळे व्हिडिओ मुकेच बघते. गाणं ऐकू आलं असतं तर मीही तुमच्यासारखी गाण्यातच रमले असते.’

आत घोरणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

‘माझ्या वर्गातही अशी कोणीतरी असेलच,’ त्या म्हणाल्या. ‘चाळीस वर्षांत एक नसेल असं होत नाही. गुणी म्हणून मी तिला पुढे पाठवली असेल. मला दाखवणारं कोणी नव्हतं.’

मी म्हटलं, बाई, चहा टाकू का? त्या म्हणाल्या, अर्धा कप टाका, आणि बरणी आपटू नका. मी त्यांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच शिरून, चोरासारखी, आवाज न करता चहा केला. चहा पिताना त्यांनी मला ‘काऊन’ कुठे कुठे वापरतात ते विचारून घेतलं आणि दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा अगदी बरोबर जमलं. निघताना सोललेले निम्मे मटार त्यांनी पिशवीत भरून मला परत दिले.

दोन वर्षांनी ती व्यवस्था बंद झाली. का, ते आम्हाला कळलं नाही. एक दिवस अॅप उघडलं तर आत काही नव्हतं. फोनमधले मी जागेसाठी कधीच पुसले होते, म्हणून माझे सगळे व्हिडिओ गेले, पावसाचं गाणंही गेलं. बाईंच्या ओळी तेवढ्या माझ्याजवळ आहेत, कारण मी त्या सुरुवातीपासून वहीत उतरवून घ्यायची, हॉलमधल्या प्रशिक्षणाची सवय. आता पुन्हा वर्षातून दोनदा हॉल, चहा आणि चिवडा. मी बाईंना रविवारी फोन करते, चारनंतर. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. वर्गात काय झालं ते त्या खोदून खोदून विचारतात, आणि मी चांगलं तेवढंच सांगायला लागले की म्हणतात, पुढे बोला.

ती मुलगी मात्र बिघडली. हा तिच्या आईचा शब्द. कान उघडल्यावर चार महिन्यांत तिने बोलायला जी सुरुवात केली ती थांबायलाच तयार नव्हती. रिक्षा, कुकर, कबुतरं, शेजाऱ्यांची भांडणं, सगळ्यांचे आवाज काढून दाखवायची. वर्गात माझी गोष्ट चालू असताना मधेच माझी चूक काढायची. आई न्यायला आली की मी तक्रार करायची आणि आई लटक्या रागाने म्हणायची, आता ऐकत नाही बघा ताई अजिबात. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो.

बालवाडी संपल्यावर जूनमध्ये ती पहिलीत गेली. शाळेच्या पहिल्या दिवशी आईने मला बरोबर बोलावलं, म्हणाली, मोठ्या शाळेत मला बोलता येणार नाही, तुम्ही सांगा. म्हणून मावशींवर मुलं सोपवून मी गेले. वर्गाच्या दारात पालकांची गर्दी, आणि आत एक तरुण शिक्षिका हजेरीपट घेऊन भांबावलेली. मी पुढे होणार तोच मला दिसलं की आई गर्दीतून वाट काढत आत गेलीसुद्धा. तिने पर्समधून दवाखान्याचा कागद काढला, उलगडून टेबलावर ठेवला आणि तळहाताने सपाट केला.

‘मॅडम, हिला पुढे बसवा,’ ती म्हणाली. ‘डाव्या भिंतीकडच्या बाजूला, म्हणजे उजवा कान वर्गाकडे येईल. डाव्याने अजून थोडं कमी आहे. आणि तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलून राहिल्या की तिला कळणार नाही, तेव्हा जरा वळून बोला.’

शिक्षिकेने कागद वाचला आणि हजेरीपटात तिच्या नावापुढे काहीतरी लिहून घेतलं. मी दाराबाहेरच थांबले. मला सांगायला काही उरलं नव्हतं.